चार चाळीसचं पाणी

"घड्याळ बरोबर चालतं ना तुमचं?" आडके सरांनी विचारलं.

"रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना लावते."

"मग चार चाळीस झाले की सांगा. तोपर्यंत पाण्याकडं बघू नका."

"का?"

"आधी बघितलं की मन चित्र काढून मोकळं होतं. मग डोळ्याला काम उरत नाही."

मी पाण्याकडे पाठ करून बसले. हरणापूरचा जकात नाका गावाबाहेर हलवल्यापासून ही जुनी खोली रिकामी होती आणि तिच्या ओट्यावर सर दुपारी येऊन बसत. ओटा नदीच्या उंच काठावर होता. पाणी तिथून तीस फूट खाली. समोर थोडं तिरकं पाहिलं की जुना दगडी पूल, पाच कमानींचा. पुलावरचा रस्ता आमच्या नजरेच्या बरोबर उंचीवर येत होता. उसाची ट्रॉली गेली की ट्रॅक्टरवाल्याचा चेहरा समोरासमोर दिसे. हे मी वहीत टिपून ठेवलं. का टिपलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसेल ते टिपायची सवय होती.

ही १३ डिसेंबर १९९५ची गोष्ट. बुधवार होता. मी सव्वीस वर्षांची होते आणि आमच्या जिल्हा दैनिकात वार्ताहर म्हणून माझं चौथं वर्ष भरत होतं.

आदल्या दिवशी सर कार्यालयात आले होते. काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला हार्डबोर्डचा तुकडा. निवृत्त चित्रकला शिक्षक, वय एकाहत्तर. माझी त्यांची ओळख दोन वर्षांपूर्वीची. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई वारल्या तेव्हा आमच्या अंकात त्यांचं वय चौसष्टऐवजी सेहेचाळीस छापलं गेलं होतं. मी घरी जाऊन माफी मागितली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापून घेतली होती. सर ते विसरले नव्हते.

"शेंडगेबाई, एक गोष्ट तपासून पाहिजे," ते म्हणाले आणि फडकं सोडलं.

चित्र जेमतेम दीड फुटाचं होतं. वरच्या अर्ध्यात पूल, खालच्या अर्ध्यात पाणी. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे, एकही रेषा धड नाही. चार पावलं मागे गेले तेव्हा पाणी हललं. सावल्या काळ्या नव्हत्या, जांभळ्या होत्या. मधल्या कमानीच्या प्रतिबिंबात आतून कुणी शेगडी पेटवावी तसा केशरी उजेड होता आणि त्या उजेडातून एक गडद निळी रेघ वाकडीतिकडी गेली होती.

चित्राला एक चिठ्ठी लावलेली होती. जिल्हा कलामंडळाच्या प्रदर्शनाच्या चिटणिसांची. 'प्रतिबिंब मूळ वस्तूशी जुळत नाही. पाण्यातील रेघ काढून शनिवारी सायंकाळपर्यंत आणून दिल्यास चित्र लावता येईल.'

"चिटणीस माझाच विद्यार्थी," सर म्हणाले. "रविवारी प्रदर्शन उघडतंय. आयुष्यात पहिल्यांदा चित्र पाठवलं मी. रेघ आहे का नाही, एवढं तुम्ही येऊन बघा. नसली तर खरवडून टाकतो. एकाहत्तर वर्षांचा झालो, डोळ्यांचा काय भरवसा."

"मला चित्रातलं काही कळत नाही, सर."

"म्हणूनच आलो. कळणाऱ्यांनी परत पाठवलंय."

"आणि रेघ असली तर?"

"तर ठेवणार. मग लावोत नाहीतर न लावोत. पण आहे, एवढं तुम्ही लिहा. दोन ओळी पुरेत."

आमचे संपादक दाभोळे यांनी रविवारच्या पुरवणीसाठी दोनशे शब्द मंजूर केले. म्हणून मी नाक्यावर होते.

"चार चाळीस," मी म्हणाले आणि वळले.

पाणी पाण्यासारखंच होतं. हिरवट, मळकं, स्थिर. खालच्या बंधाऱ्याला हिवाळ्यात फळ्या घालतात, त्यामुळे पाणी तुंबून राहतं. मी सरांकडे बघितलं. ते रंगाच्या नळ्या पिळत होते.

"घाई करू नका," ते म्हणाले. "आपल्या पाठीमागून ऊन येतंय. ते पाण्यावर पडून पुलाखाली शिरायला अजून मिनिटभर आहे."

मिनिटभराने ते शिरलं. मधल्या कमानीच्या प्रतिबिंबात आधी एक पिवळा ठिपका आला, मग तो पसरला, आणि मग सगळी कमान आतून उजळली. उजेड स्वस्थ नव्हता. जाळं टाकावं तसा तो दगडांवरून सरकत होता. दगडांचे सांधे मोजता आले असते. आणि डाव्या कडेपासून निघून मधल्या दगडापर्यंत एक गडद रेघ होती. पाणी हललं की ती तुटायची, थांबलं की पुन्हा जुळायची, प्रत्येक वेळी त्याच जागी.

मी मान वर करून खऱ्या पुलाकडे पाहिलं. कठडा, दगडी कड, कमानीचा वाकलेला काठ. रेघ नव्हती. पुन्हा खाली. होती. मी ओट्याच्या टोकाला गेले, खाली बसले, उभी राहिले. वर नव्हती, खाली होती.

"खाली उतरून बघता येईल का?"

"ती पाटी वाचा."

काठाच्या बाभळीला पाटी ठोकलेली होती. 'मगरीपासून सावध राहा.' दोन वर्षांपूर्वी एक म्हैस गेल्यापासून त्या डोहात ना कुणी होडी घालत होतं, ना जाळं.

सर बोलता बोलता रंगवत होते. त्यांचा हात भराभर चालत होता. बोर्डाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होते. चार सत्तावन्नला उजेड मावळला, कमान काळी झाली, आणि त्यांनी ब्रश अर्ध्या फटकाऱ्यावर थांबवला.

"थोडं राहिलंय की," मी म्हणाले.

"उद्या. उजेड गेल्यावर जे काढतो ते पाठ केलेलं असतं. पाठ केलेलं मी चौतीस वर्षं शिकवलं."

"रेघ आहे, सर."

"आहे ना?" त्यांनी हात पुसला. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "झालं तर मग."

"पण कशाची आहे?"

"ते मला काय माहीत? मी आहे तसं काढतो."

"तुम्हाला कधी विचारावंसं नाही वाटलं?"

सरांनी ब्रश फडक्याला पुसून ठेवला. मग म्हणाले, "बाई, पाण्यातलं प्रतिबिंब मी पोरांना कसं शिकवायचो सांगू? कागद मधोमध दुमडायचा. वरच्या अर्ध्यात ओल्या रंगात देऊळ, झाड, काय पाहिजे ते काढायचं. कागद मिटून वरून हात फिरवायचा. उघडला की खाली प्रतिबिंब तयार. या गावात चाळिशीच्या आतलं कुणीही धरा, त्यानं तसंच केलंय. चिटणिसानंही. वर नाही ते खाली येणार कुठून? माझ्याच धड्यानं मला परत पाठवलं."

"मग तुम्हाला हे दिसलं कधी?"

"निवृत्त झाल्यावर. शाळा साडेपाचला सुटायची. डिसेंबरातले चार चाळीस मी चौतीस वर्षं भिंतीआड काढले."

"आधीची चित्रं आहेत?"

"माळ्यावर पडलीत."

"मला बघायचीत."

"बातमीला लागतात?"

"नाही," मी म्हणाले. "मला बघायचीत."

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. माळ्यावरून अकरा बोर्ड निघाले. सगळे त्याच ओट्यावरून, त्याच पाण्याचे, चार हिवाळ्यांतले. प्रत्येकाच्या पाठीवर सरांच्या फळ्यावरच्या अक्षरात तारीख, वेळ आणि वारा. 'वारा नाही.' 'वारा थोडा.' मी ते तारखेप्रमाणे फरशीवर मांडले आणि फूटपट्टी मागितली.

पहिल्या दोन बोर्डांवर कमानीत रेघ नव्हती. तिथे रंग सुरीने खरवडून वरून दुसरा लावलेला होता.

"हे काय?"

"होती तिथंही," सर ओशाळून म्हणाले. "मलाच खोटी वाटली. काढून टाकली."

"केवढी होती?"

त्यांनी खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. कडेपासून जेमतेम नखभर.

मी प्रत्येक चित्रात कमानीची रुंदी मोजली, रेघेची लांबी मोजली आणि वहीत दोन रकाने केले. पहिल्या हिवाळ्यात रेघ कमानीच्या आठव्या हिश्शाइतकी होती. दुसऱ्यात पाचव्या, तिसऱ्यात तिसऱ्या. यंदा निम्मी. मी वही सरांपुढे धरली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"वाढतीय," ते म्हणाले.

"पाण्यातली सावली वर्षावर्षानं वाढत नाही, सर. ती कशाची तरी आहे. आपल्याला वरून न दिसणाऱ्या कशाची तरी."

"पण पाणी तर वरचंच दाखवतं."

"नक्की?"

सर उठले. स्वयंपाकघरातून पितळी परात आणली, फरशीवर ठेवली, पाण्याने भरली आणि तिच्यावर आपलं बसायचं लाकडी स्टूल उभं केलं. आम्ही दोघं थोडं मागे सरून परातीत डोकावलो. पाणी थांबलं. स्टुलाची वरची फळी पाण्यात कुठेच नव्हती. दिसत होतं ते तिचं पोट, रंधा न मारलेलं, आणि त्याच्यावर खडूने लिहिलेला आकडा सात.

"हा कुणी लिहिला?" मी विचारलं.

"सुतारानं असेल." सर स्टुलाकडे बघत राहिले. "तीस वर्षं बसतोय मी याच्यावर."

मग ते हळूच म्हणाले, "पाणी खालून बघतं."

"म्हणजे ते पुलाखाली जे दिसतं—"

"कमानीचं पोट," सर म्हणाले आणि त्याच स्टुलावर बसले. परातीतलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. "बाई, त्या पुलावरून ट्रॉल्या जातात."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं, बगलेत चित्र घेऊन, रस्तेबांधणीच्या उपअभियंत्यांकडे गेलो. त्यांचं नाव शिंत्रे. चाळिशीच्या अलीकडचे, गावातलेच. सरांना बघून खुर्चीतून उठले, पाया पडले, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. चित्र हातात धरून कौतुकाने बघितलं, तेही वरचा अर्धा.

"पूल झकास जमलाय, सर. कठड्याचा तुटका दगडसुद्धा सोडला नाही तुम्ही."

"खाली बघ," सर म्हणाले.

"खाली पाणी आहे."

"त्यात रेघ आहे."

"पाण्यात रेघा असायच्याच की, सर. फांदी असंल, शेवाळ असंल. तुम्हीच शिकवलंत ना, पाणी हलतं तसा हात हलवायचा?"

"पुलाची पाहणी कधी झाली?" मी विचारलं.

"मे महिन्यात. दाखला आहे."

"खालून?"

"वरून आणि बाजूनं. मधल्या कमानीखाली डोह आहे, मॅडम. मगर आहे. तुम्ही उतरता का? मी दोर धरतो."

"आज चार चाळीसला नाक्यावर या. डोळ्यांनी दिसेल."

"आज आभाळ आहे," शिंत्रे म्हणाले. आभाळ होतंच. "आणि समजा मी आलो, पाण्यात काहीतरी बघितलं. वरच्या साहेबांना काय लिहू? सरांच्या चित्रावरून पूल बंद केला? कारखान्याचा हंगाम ऐन भरात आलाय. दिवसाला तीनशे ट्रॉल्या जातात. दुसरा रस्ता एकोणीस किलोमीटरचा. शेतकरी माझ्या घरावर येतील."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "नाठाळ नाही तो. रंगकाम स्वच्छ असायचं त्याचं. कागद बरोबर मधोमध दुमडायचा."

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. आमच्या छायाचित्रकाराने गुरुवारी संध्याकाळी ओट्यावरून काढलेले फोटो धुऊन आले होते. कॅमेऱ्याला पुलाखाली नुसता काळोख दिसला होता. कमानीचं पोट दाखवणारी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, ती म्हणजे सरांचा बोर्ड.

दाभोळेंनी बातमी वाचली. "अभियंत्याचं म्हणणं घेतलंस?"

"शब्दशः."

"मोजमापं?"

"वहीत आहेत. दोनदा मोजली."

"पान तीनवर घे. चित्राचा फोटो टाक, तीन कॉलम. पूल धोक्यात आहे असं लिहायचं नाही. रेघ दिसते, ती वाढलेली दिसते, खालून तपासणी झालेली नाही. इतकंच."

"इतकंच लिहिलंय."

तेव्हा आमच्याकडे पानं हाताने लागत. छापलेले मजकुराचे पट्टे आणि फोटो कापून मोठ्या कागदावर चिकटवायचे, मग त्या पानाची फिल्म निघायची. हे काम बापू लोहार करायचा. पंचवीसेक वर्षांचा, हरणापूरचाच. त्याच्या हातचा कॉलम केसभर तिरपा नसायचा. सव्वासहाला त्याने चित्राचा फोटो पानावर ठेवून बघितला.

"आडके सरांचं काय, ताई? पूल लई भारी आलाय."

"आणि खाली?"

"खाली पाणी आहे की."

मी टंकलेखकाला बोलावलं. "पूल छान आहे." शिपायाला बोलावलं. "आपला जुना पूल." दाभोळेंनीही मान तिरकी करून, चष्मा काढून बघितलं आणि मी रेघेवर बोट ठेवलं तेव्हाच ती त्यांना दिसली. बातमी वाचून चित्र बघणारा माणूससुद्धा वरचा अर्धा बघत होता. वर धडधाकट पूल होता, त्याने त्याचं समाधान होत होतं.

साडेसहाला बापू चहाला गेला. पान माझ्यासमोर होतं. सातला ते फिल्मकडे गेलं.

शनिवारी सकाळी साडेआठला शिंत्रे स्वतः कार्यालयात आले. हातात अंक. केस विंचरलेले नव्हते.

"पुलाखाली कोण उतरलं होतं?"

"कुणी नाही."

"मग हा फोटो कसा काढला?" त्यांनी पान तीन टेबलावर आपटलं. "चहा पिताना बघितला, कप तसाच ठेवून उठलो. हा खालून वर बघितलेला आहे. कमानीचं पोट दिसतंय, सांधे दिसतायत. मधल्या दगडापर्यंत तडा आलाय. कुणी जीव धोक्यात घातला? आणि काल मला का नाही दाखवलात?"

"काल दाखवला होता, साहेब. अंक उलटा धरा."

त्यांनी धरला. वरचं खाली गेलं. धडधाकट पूल वर आला, तडा पाण्यात गेला. त्यांनी पुन्हा फिरवला. असं तीनदा केलं.

"हे पाणी होय?" ते म्हणाले.

"तुमच्या पेपरनं चित्र उलटं छापलंय," असं त्यांना सुचायला आणखी क्षणभर लागला. पण तोवर ते जिन्यात होते.

अकरा वाजता पुलाच्या कठड्यावरून दोरखंडाने बांधलेला पाट खाली सोडला. त्यावर एक मुकादम बसला होता, हातात बॅटरी आणि लोखंडी सळई. डोहाच्या कडेला दोन पोलीस मगरीवर नजर ठेवून उभे. मी वेळ टिपत होते. अकरा सत्तावीसला खालून आवाज आला, "साहेब, बोट जातंय." मग, "सळई जातीय." सळई दीड फूट आत गेली.

दुपारी एकला पुलाच्या दोन्ही तोंडांना डांबराची पिंपं आडवी लागली. ट्रॉल्यांची रांग वळून एकोणीस किलोमीटरच्या रस्त्याला लागली. पिंपांपलीकडे उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कुणाच्या चित्रात काय दिसलं म्हणून आम्ही फिरायचं?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "फीर की. पोहत जाण्यापेक्षा बरं."

तीनला सर चित्र न्यायला आले. मी आणि बापू दोघंही टेबलाशी होतो.

"उलटं छापलंत," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"चूक झाली, सर. पेस्टिंगमध्ये." मी म्हणाले. "उद्या दुरुस्ती देतोय."

बापूने माझ्याकडे बघितलं. मग तो हातातली पट्टी पुसू लागला. सकाळपासून दाभोळे त्याला सुनावत होते आणि त्याने तोंड उघडलं नव्हतं. सरांनी त्याच्याकडे बघितलं. तोही त्यांचाच विद्यार्थी.

"असो," सर म्हणाले. बोर्ड धोतराच्या फडक्यात गुंडाळला. "मी हे मंडळात देऊन येतो. आहे तसं."

रविवारी प्रदर्शनात चित्र लागलं. चिटणीस सरांना दारापर्यंत घ्यायला आले. इतकी गर्दी कलामंडळाने कधी पाहिली नव्हती आणि सगळी एकाच चित्रापुढे होती. लोक मान वाकडी करून बघत होते. एक गृहस्थ तर वाकून, पायांतून मागे बघावं तसं बघत होते.

"कुठली बाजू वर हो?"

"पेपरात बघा की."

"पेपरवाल्यांना तरी कुठं कळली?"

"तो बघ तडा. तो नव्हे, तो."

सर खांबाला टेकून उभे होते. मी जवळ गेले.

"लागलं, सर."

"लागलं." त्यांनी मान हलवली. "पूल वाचला, तेच मोठं. पोरं जातात शाळेला त्याच्यावरून." मग म्हणाले, "सकाळपासून दोनशे माणूस आलं असेल. सगळ्यांनी रेघ बघितली. उजेड कुणी बघितला नाही."

त्या दिवशीच्या अंकात, पान तीनवर, त्याच जागी, मी लिहिलेली दुरुस्ती होती. 'पेस्टिंगमधील चुकीमुळे श्री. मुकुंद आडके यांचे चित्र काल उलटे प्रसिद्ध झाले. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' चार वर्षांत मी लिहिलेल्या दुरुस्त्यांत ही सगळ्यात आटोपशीर होती.

उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या, पाणी उतरलं, परांची बांधून तडा सिमेंटने भरला गेला. शिंत्र्यांनी पुढच्या पावसाळ्यानंतरच पूल खुला केला. नोव्हेंबरात सर पुन्हा ओट्यावर बसू लागले. मी अधूनमधून जात असे. चार चाळीसला वळून बघायचं, चार सत्तावन्नला उठायचं. रेघेच्या जागी आता राखी रंगाचा एक ओबडधोबड पट्टा दिसे.

"घाण दिसतं," मी एकदा म्हणाले. "हे तरी गाळा."

"रंग वाईटच आहे सिमेंटचा," सर रंगवता रंगवता म्हणाले. "पण आहे तिथं. काय करणार?"

ते चित्र पुरं झालं तेव्हा त्यांनी मला दिलं. कार्यालयात येऊन, फडक्यासकट. "तुम्ही उजेड बघायला येता," एवढंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

मी फडकं सोडलं. चित्र बघून झाल्यावर सवयीने पाठ बघितली. फळ्यावरच्या अक्षरात तारीख. वेळ चार चाळीस. वारा नाही. आणि त्याखाली खडूने आखावा तसा एक ठळक बाण, बाणाशी तीन शब्द: 'ही बाजू वर.'

त्यांच्या अकरा बोर्डांच्या पाठी मी फरशीवर मांडून वाचल्या होत्या. एकावरही बाण नव्हता.

गेल्या डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी साडेसहाला बापू चहाला गेला तेव्हा फोटो पानावर सरळ लावलेला होता. गोंद ओला होता. मी तो नखाने उचलला, फिरवला आणि पट्टीने दाबून बसवला. सरांनी मला एकच गोष्ट मागितली होती, चित्र बरोबर आहे एवढं लिहायची. मी तेही लिहिलं होतं, त्या उलट्या चित्राच्या शेजारी. त्या दहा मिनिटांचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. शनिवारी तीन वाजता, बापू समोर उभा असताना मी जे म्हणाले, त्याचं वाटतं.

बोर्ड मी टेबलावर ठेवला, बाण वर करून, आणि कागद ओढला. लिहून झाल्यावर दाभोळेंसमोर ठेवला.

'गेल्या वर्षी १६ डिसेंबरच्या अंकात श्री. मुकुंद आडके यांचे चित्र उलटे प्रसिद्ध झाले. ती चूक पेस्टिंग विभागाची नव्हती. चित्र वार्ताहराने फिरवले होते.'

दाभोळेंनी दोनदा वाचलं. "वर्षानं दुरुस्ती?"

"हो."

"कुणी विचारलंय का?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या चित्राकडे. मग सही केली. "पान तीन," ते म्हणाले. "त्याच जागी."

संध्याकाळी पट्टा छापून आला. बापूने तो वाचला. कडा कापल्या, मागून गोंद लावला, पानावर ठेवला. पट्टी लावून एकदा बघितलं, डोळा बारीक करून पुन्हा बघितलं आणि अंगठ्याने दाबून बसवला. सरळ.